मातीचा सर्च रिपोर्ट

मुलीसाठी स्थळ बघताना जालनेकर करत नाही एवढी चौकशी प्लॉट घेताना करतो. सातबारा काढतो, फेरफार काढतो, तलाठ्याकडं दोनदा जाऊन येतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचं कर्ज, कुणाचं कूळ, कुठल्या आत्याबाईचा हिस्सा राहिलाय का, हे चष्मा पुसून वाचतो. मग वास्तुवाला येतो आणि ईशान्य मोकळी ठेवायला सांगतो. मग पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा धरून प्लॉटभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फुली मारतो. एवढं सगळं उरकल्यावर कुणीतरी सांगतं की या जागेवर तीस वर्षं रोलिंग मिल होती. त्यावर आपला माणूस खूश. "म्हणजे एनए झालेलीच आहे की!"

दोन लाखांचं पीककर्ज सातबाऱ्यावर दिसतं. तीस वर्षं सांडलेलं फर्नेस ऑइल दिसत नाही. ते सहकारी बँकेनं दिलेलं नसतं ना.

जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून कुंडलिका वाहते, म्हणजे वाहायची. १९०० च्या आसपास मनमाडकडून निजामाची रेल्वे आली, तिच्यामागं जिनिंग-प्रेसिंग आलं, सरकी आली म्हणून तेलघाण्या आल्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि गाव बियाण्याचं झालं. पुढं रोलिंग मिल आल्या, भट्ट्या आल्या, गाव सळईचं झालं. १९८१ ला जिल्हा, २०२३ ला महापालिका, मधल्या काळात ड्रायपोर्टची कोनशिला आणि समृद्धी महामार्ग. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते उगाच नाही. फक्त प्रत्येक नवा धंदा जुन्याच्या पुढं जाऊन बसला आणि जुना शहराच्या पोटात राहिला. जी शेड बांधली तेव्हा गावाबाहेर होती तिच्या तिन्ही बाजूंना आता कॉलन्या आहेत. शेड बंद पडली, पत्रे भंगारात गेले, मशिनरी कर्जात गेली, आणि उरली ती 'प्राइम लोकेशन'. जाहिरातीत लिहितात, गांधीचमनपासून दहा मिनिटं. जमिनीखालचा पत्ता कुणी लिहीत नाही.

आता या जागांत मुरतं काय? तेही धंद्याधंद्यावर आहे. जिनिंगची जागा त्यातल्या त्यात सोज्वळ. मशीनचं तेल आणि जुन्या आगींची राख. बियाण्याचं प्रक्रिया केंद्र असेल तर औषधांचे डबे कुठं रिकामे झाले ते विचारायचं. आज बियाणं लाल-गुलाबी रंगवून देतात ते शोभेसाठी नव्हे, त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. आणि या देशात एके काळी बियाण्याला पाऱ्याची बुरशीनाशकं चोळायचे. रोलिंग मिलमध्ये तेलाच्या टाक्या, ग्रीस, गार पाण्याचे हौद आणि हौदाच्या तळाशी बसलेला काळा चिखल. कोळशाचा गॅसिफायर असेल तर डांबर आणि फिनॉलचं पाणी. भट्टी असेल तर स्लॅग, आणि धुराच्या पिशव्यांत अडकलेली पूड. भंगारात रंगवलेलं, जस्त चढवलेलं लोखंड वितळलं की जस्त आणि शिसं धुरात जातं आणि त्या पिशव्यांत उतरतं. ही पूड कायद्यानं घातक कचरा आहे, ती रांजणगावसारख्या विल्हेवाट केंद्रात पावती करून पाठवायची असते. पावतीला पैसे पडतात. कंपाउंडच्या मागच्या खड्ड्याला पडत नाहीत.

स्लॅगची तर वेगळीच कथा. भराव म्हणून ती इतकी सोयीची की खोलगट प्लॉट दिसला की ट्रक उलटतो. म्हणजे ज्या जागेवर कधीच कारखाना नव्हता तिच्याही पायाखाली कारखाना असू शकतो. प्रत्येक स्लॅग विषारी असते असं मी म्हणत नाही. बरीचशी निरुपद्रवी असते, रस्त्याला वापरतात. पण कुठली निरुपद्रवी हे ट्रकवाल्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

"अहो, सॉइल टेस्ट केलीय ना!"

हे वाक्य प्रत्येक बिल्डरच्या ऑफिसात तयार असतं, आणि ते खोटंही नसतं. अहवालही दाखवतात, स्पायरल बायंडिंग केलेला. त्यात ही जमीन चौरस मीटरला किती टन भार पेलेल ते लिहिलेलं असतं. तो अहवाल इमारतीच्या प्रकृतीचा आहे. काळी माती फुगते, आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्या, एवढंच तो सांगतो. त्याच भोकातून निघालेल्या मातीचा एक डबा रसायनांच्या प्रयोगशाळेत पाठवला असता तर राहणाऱ्याच्या प्रकृतीचंही कळलं असतं. पण पाया खचला तर बिल्डरला कोर्टात जावं लागतं. तिथं राहणाऱ्या पोराच्या रक्तात शिसं निघालं तर त्याच्या बापाला आधी हे सिद्ध करावं लागतं की शिसं प्लॉटमधलंच आहे. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं. भिंतीचा तडा तेवढ्यात दिसतो. शिशाला घाई नसते.

गंमत अशी की शेतकऱ्याच्या मातीला सरकारनं २०१५ पासून आरोग्य पत्रिका दिलीय. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, क्षारता असे बारा रकाने. जिथं नुसती तूर पिकली तिथं बारा तपासण्या. जिथं तीस वर्षं भंगार वितळलं तिथं नारळ.

आणि हवेचं बघा. जालना हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतलं शहर. हवेतले धूलिकण मोजतात, त्यासाठी निधी येतो, पाण्याचे फवारे फिरतात. त्यात गैर काही नाही. पण हवेतली धूळ शेवटी खालीच बसते, आणि खाली बसल्यावर ती कुणाच्या खात्यात जाते हे अजून ठरलेलं दिसत नाही.

तपासणी कशी करतात, हे सांगायला हरकत नाही. फार गूढ विद्या नाही ती. आधी भोक पाडायचंच नाही. आधी कागद आणि माणसं. या जागेवर कोण कोण होतं, टाकी कुठं होती, ट्रान्सफॉर्मर कुठं, ॲसिडचे कॅन कुठं ठेवायचे, सांडपाण्याचा पाट कुठल्या बाजूला. जुने नकाशे, प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं, उपग्रहाची चित्रं, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जुने कामगार. जगभरच्या नियमावल्यांत हे लिहिलेलं आहे की तिथं काम केलेल्यांना भेटा. कन्सल्टंटच्या पन्नास पानांत जे नसतं ते निवृत्त फिटर एका चहात सांगतो: "त्या लिंबाखाली खड्डा होता, त्यात टाकायचो, वरून मुरूम ओढायचो." आपल्याकडं अडचण एवढीच की भट्टीवर राबलेले बहुतेक हात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले. कारखाना बंद पडला तेव्हा ते गावी गेले आणि जागेचा खरा नकाशा त्यांच्यासोबत गेला. राहिला तो फक्त वॉचमन, आणि त्याला बोलू नको म्हणून पगार मिळतो.

मग संशयाच्या जागा ठरवून भोकं पाडायची. वरची माती वेगळी, मुरूम वेगळा. भूजलासाठी निदान तीन बोअर, कारण तिनाशिवाय पाणी कुठल्या दिशेनं सरकतंय ते कळत नाही. नमुने थंड पेटीत, सील करून, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेले याची नोंद ठेवून प्रयोगशाळेत. तिथं शिसं, क्रोमियम, आर्सेनिक, पारा, तेलाचे अंश, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी. शेवटी एकच प्रश्न: विष आहे कुठं, ते जाणार कुठून, आणि पोचणार कुणापर्यंत. या तिन्हींतलं एक तुटलं तरी धोका टळतो. म्हणजे प्रत्येक दूषित जागा खणूनच काढावी लागते असं नाही. कुठं वर काँक्रीट पुरतं, कुठं बोअर मारायला बंदी पुरते, कुठं तेवढ्या तुकड्यावर घरांऐवजी पार्किंग काढलं की भागतं. तपासलं असेल तर स्वस्तात सुटतं. न तपासता बांधलं तर सुटतच नाही.

यात लबाडीला भरपूर जागा आहे, तीही सांगतो. म्हणजे कुणी नवीन शोध लावल्याचा आव आणायला नको. एक, नमुना गेटजवळच्या फुलझाडांच्या वाफ्यातून घ्यायचा. दोन, वीस ठिकाणची माती एका बादलीत कालवून एकच नमुना पाठवायचा, म्हणजे एका खड्ड्यातलं विष एकोणीस चांगल्या ठिकाणांत विरतं. तीन, आधी फूटभर ताजा मुरूम पसरायचा आणि मग प्रयोगशाळेच्या माणसाला बोलवायचं. मुरूम पास होतो. मुरूम नेहमीच पास होतो.

आपल्या जमिनीचा स्वभावही समजून घ्यायला हवा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. काळी माती चुनखडीची. शिसं, जस्त ती धरून ठेवते. म्हणजे ते वरच राहतं, अंगणात, रांगणाऱ्या मुलाच्या हाताशी. याउलट हेक्झाव्हॅलंट क्रोमियम अशा मातीत पाण्याबरोबर पळतं. आणि मे महिन्यात काळी जमीन भेगाळते तेव्हा चिकणमातीचं झाकण उघडंच असतं. पहिला वळीव वरचं सगळं घेऊन थेट मुरमात उतरतो. पुढं खडकातल्या चिरा नेतील तिकडं. बेसॉल्टमध्ये पाणी चिरांतून चालतं, त्यामुळं शेजारच्या बोअरला काही नाही आणि चौथ्या गल्लीतल्या बोअरला तेलाचा वास, असं होऊ शकतं. चौथ्या गल्लीतला माणूस मग पाणाड्याला शिव्या देतो.

बोअर का, तर नळ. घाणेवाडीचा तलाव आहे, पैठणहून जायकवाडीचं पाणी आहे, पाइपलाइनी आहेत, उद्घाटनांचे फलक आहेत. नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यानं टँकरच्या रांगेत काढला तो घराच्या पायाआधी बोअर मारतो. त्याला दोष कसा देणार? आणि विषाला तर वाट हवीच असते. आपण ती तीनशे फूट सरळ, केसिंग टाकून करून देतो. वर आरओवाला येतो, टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो, "एकदम गोड पाणी सर." टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची एकूण गोळाबेरीज, लिटरला शेकड्यांनी मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ते त्या मीटरला दिसायचं म्हणजे गावच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र तोलायचं.

कायदा नाही असंही आता म्हणता येत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. मग नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. घातक कचऱ्याच्या नियमांतल्या १८९ रसायनांच्या यादीशी ताडून बघायचं. जागा दूषित ठरली तर जाहीर करायची, वावर बंद करायचा, ज्यानं घाण केली त्याला नव्वद दिवसांत शोधायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा दिवाळखोर निघाला तर केंद्र आणि राज्य सरकारनं बघायचं. सगळ्याला मुदत आहे. साफसफाई कधी पुरी व्हायची, तेवढ्याला मुदत नाही. नियम आले तेव्हा देशभरात दूषित ठरलेल्या जागा १०३ होत्या आणि सफाईचं काम सुरू झालेलं होतं सात ठिकाणी.

पण नियमांची खरी मेख वेगळी. सगळं यंत्र संशयावर चालू होतं. कुणीतरी संशय घ्यायला हवा. आणि बंद कारखान्याच्या जागेवर संशय घेण्यात कुणाला रस आहे? मालकाला विकायचीय, बँकेला वसूल करायचीय, महापालिकेला विकास शुल्क हवंय, दलालाला दोन टक्के. रामनगरच्या बंद सहकारी साखर कारखान्याचंच घ्या. लिलाव झाला, २०२२ मध्ये ईडीनं जमीन-इमारतींवर जप्ती आणली, पेपरांत एकरांचे आणि कोटींचे आकडे आठवडाभर नाचले. त्या सगळ्या गदारोळात त्या जमिनीच्या मातीबद्दल एक अक्षर माझ्या कानावर आलं नाही. साखर कारखान्याची माती भट्टीच्या मातीएवढी वाईट नसते, हे खरं. पण विचारायला काय जात होतं?

वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. आपल्याकडचे बहुतेक भव्य गृहप्रकल्प त्याच्या आतच भव्य असतात. बंद कारखान्याच्या जागेचं निवासी रूपांतर करायचं तर कामगारांची देणी चुकवल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला मागतात, आणि तो मागायलाच हवा. गिरणी कामगारांच्या लढ्यानं एवढं तरी शिकवलंय. मातीचं देणं चुकवल्याचा दाखला मागतील तेव्हा खरं.

मुंबईनंही तो मागितला नव्हता. गिरण्यांच्या जागेचं १९९१ चं सूत्र सगळ्यांना पाठ आहे: एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये ते पातळ केलं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या पातळपणावर शिक्का मारला. पंधरा वर्षं भांडण कोणाला किती जमीन यावर. रंगखात्याच्या फरशीखाली काय मुरलंय, हा चौथा वाटा कुणीच मागितला नाही, तो ज्याच्या त्याच्या टॉवरखाली समान वाटला गेला. ठाण्यात कोलशेतला रंग-रसायनांचे कारखाने गेले आणि तरणतलाववाले टॉवर आले. तिथल्या एखाद्या बिल्डरनं माती तपासलीही असेल. मग ते ब्रोशरमध्ये का छापत नाहीत? क्लब हाउसचं तर छापतात.

कोडाईकनालचं मात्र जालन्यानं लक्षात ठेवावं, कारण ते भंगारातून उघड झालं. थर्मामीटरच्या कारखान्याची पारा लागलेली फुटकी काच, सात टनांहून जास्त, गावातल्या भंगारवाल्याकडं सापडली. २००१ मध्ये कारखाना बंद झाला. माती किती साफ केली म्हणजे पुरे, यावर पुढं दीड दशकाहून जास्त वाद चालला. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवायला चाळीस वर्षं लागली, जानेवारी २०२५ उजाडला; आणि तो पोत्यांत भरून ठेवलेला कचरा होता. जमिनीत मुरलेलं अजून जमिनीतच आहे.

अमेरिकेत नायगाराजवळ लव्ह कॅनॉल म्हणून जागा आहे. एका रसायन कंपनीनं तिथल्या अर्धवट कालव्यात एकवीस हजार टन रसायनं पुरली, वर माती टाकली आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. मंडळानं शाळा बांधली, भोवती घरं झाली, १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून माणसं उठवावी लागली. गोष्ट जुनी आहे, सगळे सांगतात. मला त्यातलं एकच कलम आवडतं. कंपनीनं खरेदीखतात लिहून ठेवलं होतं की इथं रसायनं पुरलेली आहेत, पुढं काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. हरामखोरी झाली, पण रजिस्टर झाली. आपल्याकडच्या खरेदीखतात चतुःसीमा असते, विहिरीचा हिस्सा असतो, लिंबाची दोन झाडं असतात. लिंबाखालचं नसतं.

लंडननं २०१२ च्या ऑलिंपिकसाठी अशीच जुनी कारखान्यांची जमीन घेतली तेव्हा जागेवरच माती धुवायची केंद्रं उभारली आणि त्यांना नाव दिलं मातीची इस्पितळं. आपल्याकडं आधी माणसांच्या इस्पितळाचं बघू, असं कुणी म्हणेल. ठीक. पण त्या रांगेतले काही पेशंट याच मातीतून आले असतील तर?

हे सगळं मी एका प्लॉटवाल्याला सांगितलं. ओळखीचा आहे, मनानं चांगला आहे, बंद मिलची एक जागा पाडून तिथं 'नगरी' काढतोय. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. चहा मागवला.

"सर, तुम्ही म्हणता ते पटतं. पण गिऱ्हाईक विचारत नाही ना. गिऱ्हाईक विचारतं रोड किती फुटाचा, कर्ज कोणती बँक देते, मंदिर कुठंय."

"मग तुम्हीच सांगा गिऱ्हाइकाला. जाहिरातीत टाका. माती आणि पाणी तपासलेला जालन्यातला पहिला प्रकल्प."

तो थांबला. खिशातून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला, काहीतरी गुणलं, पुन्हा गुणलं.

"फुटाला पन्नास रुपये वाढवता येतील," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "भारी आयडिया दिली सर. लगेच करू. रिपोर्ट आणतो ना मी, काही टेन्शन नाही. फक्त एक सांगा, त्यात आकडे काय काय टाकायला सांगू?"